म्हस उठते तशी

नाय नाय, मी उठत नाय, बसल्याजागीच सांगते, तुमी लिवा. आणि आत नका येऊ बाई, सारवलंय, ओलं आहे अजून, तिथं उंबऱ्यावरच बसा — तो कोरडा आहे. शिरगणतीच्या ना तुमी? कळलं मला, काल वरच्या आळीत आलेल्या म्हणे, शेजारची गिरजा सांगत होती, शाळेतली बाई घरोघर फिरते नि म्हशी सोडून सगळ्यांना मोजते. शिवरात्रीच्या सुट्टीत पण फिरवतात तुमाला? सरकारला काय, त्याचे पाय थोडेच दुखतात. लिवा — जनाबाई यमाजी, आडनाव त्या दारावरच्या पाटीवर आहे, माझ्या हरेशनं लावलीय पाटी, मला वाचता येत नाय पण पोस्टमनला येतं. यमाजी नायत, अकरा वर्षं झाली. कुटुंबप्रमुख? मीच की, दुसरं कोण दिसतंय तुमाला? एक मी नि एक ती गोठ्यात रवंथ करत बसलीय ती. वय — पासष्ट टाका. भातसाचं धरण बांधायला काढलं तेवा हरेश रांगत होता, त्याच्यावरनं तुमीच काय ते बगा. पाणी? पाणी — तुमीच घ्या बाई, माठ त्या कोपऱ्यात आहे, पेला वर उपडा घातलाय. तशी मी दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारणारी बाई नाय हो, आख्ख्या आळीत विचारा, जनीकाकूच्या दारातनं कुणी तहानेला गेलाय का कदी — पण आज पाय जरा आखडलाय. बसून बसून.

कधीपासनं बसलेय? आत्ताच. आत्ताच म्हंजे, उन्हं त्या मधल्या खांबाला होती तेवा. आता कुठं आलीत? उंबऱ्याला? मंग झाला असेल दीड तास. तुमी अशा काय बघताय, बसलेली बाई काय कदी बघितली नाय? वास कसला — करपल्याचा? रताळी आहेत चुलीवर, उपासाची, उकडत ठेवलेली. होय, पाणी आटलं असेल. होय, मी उठून बघायला पायजे होतं. बरं. बरं, तुमच्यापाशी खोटं बोलून काय मिळणार, तुमी मास्तरीण, पोरं खोटं बोलतात ते तुमाला रोज कळतं. पडलेय मी. बसलेली नाय, पडलेय, रताळी बघायला निघाले नि ओल्यावर पाय — हाक नका मारू! गप! हात जोडते बाई, गिरजाला हाक नका मारू. बसा. खाली बसा. हात पण नको, मागं व्हा, हात नकोय मला कुणाचा. लागलंय कुठं? मनगट सुजलंय थोडं. हाड शाबूत आहे, बगा हलवून दाखवते — आई गो — शाबूत आहे म्हटलं ना.

आज हरेश येतोय, म्हणून. माझा मुलगा, एकुलता, कल्याणला असतो — त्याला लिवू नका, त्याचं तिकडं लिवतील, तो तिकडचा झाला. दिवाळीला मी न्हाणीत पडले, तेवापासनं त्याच्या डोक्यात एकच, आई, इथं एकटी नाय राहायचं. तिसऱ्या मजल्यावर खोली आहे त्याची. तो नि संगीता, माझी सून, दोघं सकाळी सातला बाहेर पडतात, नात शाळेत, नि बाहेरनं कडी. बाहेरनं कडी, आत मी. वाईट नाय हो पोरगा. संगीता पण वाईट नाय, मी तिकडं गेले की रात्री पाय चेपून देते, पण कडी ती कडीच. मंग पौषात म्हशाच्या गुरांच्या जत्रेला गेलो आमी, मुरबाडच्या बाजूला — तिथं तो म्हणतो, म्हस इथंच विकून टाकू नि तू चल माझ्याबरोबर. भर जत्रेत भांडलो आमी दोघं, लोकं बैल बघायची सोडून आमाला बघायला लागली. शेवटी मी म्हटलं, लाव पैज. तुझ्यासमोर भुईवर आडवी होते नि कुणाचा हात न धरता उठून उभी राहते. जमलं तर मरेपर्यंत इथं, नि नाय जमलं तर तू नेशील तिथं. हसला तो. म्हणाला, शिवरात्रीला सुट्टी आहे, येतो, दाखव. नि जाता जाता काय म्हणाला — पण मधे एकदा जरी पडलीस ना आई, तर पैज नाय नि बिज नाय, सरळ उचलून नेणार. बोलतो तसं करतो तो, बापावर गेलाय. साडेबाराच्या लोकलनं आटगावला उतरेल, जीप मिळाली तर दहा मिनटं, नायतर चालत वीस. किती वाजलेत तुमच्या घड्याळात? ... बारा. वर सात का आठ? आठ.

आणि मी काय केलं? पोरगा येतोय, सण आहे, म्हणून धार काढून झाल्यावर शेण कालवलं नि सगळं घर सारवून काढलं. परीक्षेच्या दिवशी मीच भुई निसरडी केली! आणि सारवायच्या आधी काय केलं, तर माझं बाकडं उचलून अंगणात नेलं. ते बगा, तुळशीपाशी. अक्कल गेली गवत खायला. ते बाकडं माझा अर्धा जीव आहे बाई, ते इथं असतं तर मी कवाच उठून तुमाला चहा टाकला असता. नाय, तुमी नका आणू. बसा. तुमी आणलंत म्हंजे तुमीच उठवलंत मला.

तुमाला वाटेल म्हातारी हेकट आहे. आहेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाय, सासू म्हणायची मला. पण मी नुसती हेकट नाय, मी शिकलेय हे. खरंच, शिकलेय. दिवाळीला न्हाणीत पडले ती सकाळपासनं दुपारपर्यंत तिथंच — ओरडले नाय, का ते विचारू नका — नि दुपारी भागी आली. पाड्यावरची भागी, गवत कापायला येते माझ्याकडं, गिड्डी आहे, नि वीटभट्टीवर विटा वाहून पाठ गेलीय तिची. तिनं मला ओढलं नाय. माझ्या बाजूला उकिडवी बसली नि म्हणाली, काकू, मी ओढलं तर दोघी आपटू, तू म्हशीकडं बग. म्हटलं बया, मी इथं मरतेय नि ही मला म्हस दाखवते! पण बघितलं. न्हाणीच्या दारातनं गोठा दिसतो. भागीनं खडा मारला म्हशीला. नि म्हस उठली. तुमी बघितलीत कदी म्हस उठताना? बघितली असेल, पण बघितली नसेल. आधी पुढच्या गुडघ्यांवर येते, मंग मागचं उचलते — ढुंगण वर, तोंड खाली, काय ते ध्यान — नि मंग एक पाय पुढं, दुसरा पुढं, उभी. एवढं बारा मणाचं धूड, पण घाई नाय. आणि माणूस काय करतो? माणूस आधी डोकं उचलतो. आपली सगळी अब्रू डोक्यात ना! डोकं उचलतो, पाठ ताठ करतो नि परत आपटतो. सकाळपासनं मी तेच केलेलं. भागी म्हणाली, भट्टीवर डोक्यावर विटा घेऊन बसल्याजागेवरनं उठायचं तर असंच उठतो आमी, आधी मागचं.

पंधरा दिवस शिकवलं तिनं मला. गवत कापून झालं की रोज अर्धा तास, दार लावून. कूस, कोपर, गुडघं, मागचं, पुढचं. पाच गोष्टी, लिवून घ्या पायजे तर, तुमाला पण लागतील एक दिवस. आधी कुशीवर व्हायचं, मंग कोपरावर यायचं, मंग गुडघं, मंग लाज सोडून मागचं वर, नि शेवटी पुढचं. पुढच्याला म्हशीला पाय आहेत, आपल्याला नायत, म्हणून गुडघाभर उंचीचं काय तरी घट्ट लागतं हात टेकायला. म्हणून ते बाकडं. दिवाळी झाल्यावर भागी गेली भट्टीवर, पाडा सगळा ओस पडतो तेवा, नि मी एकटीच. रोज दोनदा भुईवर झोपायचं नि उठायचं. गिरजा भिंतीपलीकडनं विचारते, काकू, कूस कोपर कूस कोपर काय चाललंय तुझं? म्हटलं मंत्र आहे, तुला नाय कळायचा. हसण्यावारी नेलं, पण आतनं वाटायचं बाई, की बघा, भाताची आवणी शिकवली मला, चूल शिकवली, सासरी कुणासमोर किती वाकायचं ते शिकवलं, जन्मभर वाकायलाच शिकवलं सगळ्यांनी. पडल्यावर उठायचं कसं ते पासष्टाव्या वर्षी शिकवलं कुणी, तर भागीनं नि एका म्हशीनं.

विचारा ना, पुढचं विचारा, का थांबलात? शिक्षण — नाय. धंदा — शेती, दूध. मंग? काय म्हणालात? अपंगत्व. हां, ते पण विचारतात का. डोळे — मोतीबिंदू काढलाय शहापूरला, तुमच्या साडीचा काठ फाटलाय तो दिसतोय मला इथनं. कान तुमच्यापेक्षा चांगले. हालचाल... हालचालीत नाय लिवा. पेन का थांबलं तुमचं? नाय लिवा म्हटलं. पडलेला माणूस नि अपंग माणूस एक नाय बाई, नायतर सगळ्या पोरांना लिवा अपंग, रोज पडतात. लिवलंत? दाखवा. वाचता येत नाय तरी दाखवा.

थांबा — भोंगा. ऐकलात? नाय, ही मालगाडी, तिचा लांब असतो. लोकलचा तोकडा. मालगाडी गेली की तिच्या मागनं सुटते ती. थांबा, मी एकदा बघते. बाकड्याशिवाय पण जमलं होतं एकदा, पौषात, भिंतीला धरून. तुमी नुसत्या बघा, हलू नका. कूस — झाली. कोपर. हं. कोपर — त्याच मनगटावर येतो हो भार — आता गुडघं — गुडघं — घसरतंय, ओल्यावर घसरतंय, धर, धर — नको! बसा! बसा म्हटलं ना, हात मागं घ्या! ... राहू दे. राहू दे जरा. दम लागला. सकाळपासनं पोटात काय नाय, उपास. काय म्हणालात? नाय ओ, गिरजा नको. सांगितलं ना एकदा.

का नको? शेजारीण आहे, दणकट आहे, एका हातानं उचलेल मला, खरं आहे तुमचं. पण नाय उचलणार ती. तुमी कुठल्या, नाशिककडच्या? तुमच्याकडं पण असेलच की — माणूस जायला लागला की खाटेवरनं खाली घेतात, भुई सारवून त्याच्यावर. भुईवर जीव गेला म्हंजे मोकळा झाला. आता तुमी परक्या माणसाच्या डोळ्यांनी बघा हे — म्हातारी. आडवी. भुई नुकती सारवलेली. शिवरात्र. उपाशी. गिरजा उंबऱ्यात आली तर काय समजेल? मला उचलायला नाय धावणार, तुळस आणायला धावेल! तुळशीचं पान नि पाणी तोंडात, नि मंग आख्खी आळी गोळा, नि बायका एकमेकींना सांगतील, जनीनं भुई धरली गो, आपणहून उतरली, पुण्यवान. नि एकदा लोकांनी तोंडात तुळस ठेवली ना, की मंग उठून बसणं पण वाईट दिसतं. दिवाळीला म्हणून ओरडले नाय मी. हसू नका बाई. झालंय असं. ह्याच घरात झालंय.

माझी सासू, सकुबाई. दिव्याची आवस होती, बावीस वर्षं होऊन गेली, आवणी चाललेली. सणाचं म्हणून मी पहाटे हीच भुई सारवली नि शेतावर गेले. म्हातारी खाटेवर होती. गुडघे गेलेले, बाकी ठणठणीत, जीभ तर माझ्यापेक्षा लांब. दुपारी भाकरी न्यायला आले तर दारात ही गर्दी. आत म्हातारी भुईवर. पाणी घातलेलं, तुळस ठेवलेली, दिवा लावलेला. तिला बोलता येईना, अंगावरनं वारं गेलं की पडताना मार बसला कोण जाणे, नुसते डोळे फिरवत होती. मी जवळ गेले तर माझं मनगट धरलं. इथं, हेच. बायका म्हणाल्या, बघा, सुनेचा निरोप घेते. मोठं पुण्य म्हणाले सगळे, आवसेच्या दिवशी आपणहून भुईवर उतरली म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेली. म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाय, काळ सोकावतो — तो सोकावलाच आहे, आज माझ्या दारात आलाय, नि मधे तुमी बसलात वही घेऊन.

काय? तिला खरंच उतरायचं होतं का? ... लोकं म्हणाली ना. सगळी म्हणाली. मी शेतावर होते, मला काय ठाऊक. तुमी हे लिवताय का काय? नका लिवू, मेलेल्यांची शिरगणती नसते.

— तो. तोकडा भोंगा. लोकल. उतरला असेल तो, पूल चढत असेल. जीप भरली असेल का हो आज? सणाचं गिऱ्हाईक असतं, लगेच भरते. थांबा. परत एकदा. ह्या बाजूनं करते, डाव्या कुशीवर, म्हंजे मनगट सुटेल. कूस. कोपर. कोपर झालं. आता गुडघा — एक — दुसरा येत नाय, दुसऱ्याला धरायला काय नाय — थांबा. थांबा, बोलू नका. हे काय... हे बगा. नाय, तिथनंच बगा, पुढं झुकून. ही चार बोटं, ओढत गेलेली. हा तळवा. हा इथं कोपराचा खळगा. माझेच आहेत, सकाळपासनंचे. सावलीतली भुई, सुकत नाय लवकर, उमटतं सगळं.

असेच होते.

काय असेच म्हंजे? तिचे. बायका तिच्या डोक्याकडं बसलेल्या, मी मागच्या दारानं पायाकडनं आत आले नि मला दिसलं. माझ्या हाताची फिरवण मला ठाऊक ना, पहाटे मीच सारवलेलं, त्या फिरवणीतनं बोटं ओढत गेलेली. आणि कुठं गेलेली? खाटेकडं. खाटेपासनं लांब नाय, खाटेकडं! भुई धरलेलं माणूस परत खाटेकडं जातं का हो बाई? पडली होती ती. पडली होती नि उठत होती, सकाळपासनं एकटी, नि मंग लोकांनी तुळस आणली. मला कळलं. त्याच घडीला कळलं, तुमाला मघाशी खोटं सांगितलं. आणि मी काय केलं ठाऊक आहे? बादलीत शेण राहिलेलं पहाटेचं. पोतेरं घेतलं नि बायकांना म्हटलं, सरका गो, भुई खराब झालीय. नि बोटांवरनं हात फिरवला. सगळं गुळगुळीत करून टाकलं. माझ्याकडं बघत होती ती. मी सारवत होते नि ती बघत होती.

का? दमलेले मी. पहाटेपासनं चिखलात उभी, शेत अर्धं राहिलेलं, हरेश शहापूरच्या दवाखान्यात तापानं फणफणलेला. एवढी माणसं एका तोंडानं म्हणतायत चांगलं झालं, चांगलं झालं, त्यात मी एकटीनं कसं म्हणू की उचला हिला, ही पडलीय? आणि उचलल्यावर करायचं कुणी? मीच ना. उठवायची, न्हायला घालायची, शिव्या खायच्या. एक क्षणभर वाटलं की होऊ दे. क्षणभरच. पण तेवढ्यात सारवून झालं होतं. मंग तिनं मनगट धरलं. निरोप कसला बाई, उठायला धरलेलं ते. बोटं सोडवली मी तिची, एकेक करून. करंगळी शेवटी सुटली.

यमाजींना सांगितलं नाय, हरेशला नाय, कुणालाच नाय. बावीस वर्षं दबून होतं, नि भागीनं शिकवल्यापासनं परत वर आलं. मला अक्षर येत नाय, पण ते ठसे आता मला वाचता येतात. कूस झालेली तिची. कोपर झालेलं. एक गुडघा पण आलेला वर, त्याचा खळगा होता. म्हंजे अर्ध्याच्या पुढं होती ती, कुणी न शिकवता! बाकडं पायजे होतं फक्त एक. नायतर एक हात. म्हणून तुमाला हात नको म्हटलं मघापासनं. हेकटपणा नाय तो. मी कुठल्या तोंडानं घेऊ कुणाचा हात, सांगा ना?

रडू नका. तुमी का रडताय, तुमची कोण होती ती? ... जीप. फाट्यावरची जीप, वळताना असाच आवाज करते. बाई, रडायला टाइम नाय, उठा. ते बाकडं आणा. हो, आणा म्हटलं, आणा! ओल्यातनंच या, चपला नका काढू, उमटू दे काय उमटायचं ते. इकडं. अजून. माझ्या छातीसमोर ठेवा नि दुसऱ्या टोकाला बसा, म्हंजे हलणार नाय. मला नका धरू, बाकडं धरा. घेतलं तुमचं एवढं, पुरे. कूस. कोपर. गुडघा, एक. दोन. आता हात वर, बाकड्यावर — मनगट राहू दे, कोपरच टेकते — आता मागचं. लाज सोडायची, आधी मागचं. हसा, हसा, म्हस ती म्हसच. एक पाय पुढं. रेटा द्यायचा — अंऽऽ — घाई नाय. घाई करायची नाय. दुसरा पाय...

उभी आहे का मी? बोला ना, उभी आहे का? मला माझे पाय कळत नायत. हं. सोडा बाकडं. सोडलंत? तरी उभी आहे.

कुत्रं भुंकत नाय, शेपटी आपटतंय, म्हंजे तोच आला. ये रे, ये! आहे घरात! — बाई, तुमी काय करताय? ते पोतेरं कशाला घेतलंत हातात? ठेवा. ठेवा ते खाली! कळतंय मला, माझ्याच भल्यासाठी करताय. हात फिरवला की सगळं सारखं, त्याला काय कळतंय, मी उभीच आहे, त्याच्यासमोर परत एकदा आडवी होईन नि उठून दाखवीन नि पैज माझी. ठाऊक आहे ओ. मघाशी मी पण तेच योजलेलं. पण एकदा पुसलेत मी. दुसऱ्यांदा नाय. बघू दे त्याला, पडले कुठं, घसरले कुठं, किती वेळा कोपर टेकलं नि उठले कुठनं, सगळं आहे तिथं. आणि विचारलं त्यानं, तर त्याच्या आजीचं पण सांगीन. मंग न्यायचं तर नेऊ दे.

जा तुमी आता. पुढचं घर गिरजाचं. नि दार लावू नका जाताना, त्याला नीट दिसलं पायजे.